बंद पाकिटातली चूक

परदेशातल्या विद्यापीठाची यादी एकूण चौदा कलमांची होती. मामांनी ती वाचली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते निवृत्तीनंतरच्या आठ महिन्यांत घरात कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी यादी पुन्हा एकदा वाचली, पानांना क्रमांक घातले, डाव्या कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवला आणि म्हणाले, "हे पोराटोरांचं काम नव्हे. हे कागदाचं काम आहे."

ज्या पोरीचं ते काम होतं ती, म्हणजे त्यांची भाची ठकी, समोरच बसली होती. दाखल्यावर तिला चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ते फक्त दाखल्यालाच माहीत होतं. वय वीस. इथल्या कॉलेजात मृदाशास्त्राची दोन वर्षं तिने चांगल्या गुणांनी पार पाडली होती आणि उरलेली दोन परदेशातल्या विद्यापीठात करावीत असं तिच्या मनाने घेतलं होतं. मृदाशास्त्र म्हणजे मातीचं शास्त्र. त्यावर वरच्या मजल्यावरचे अनुभवी काका म्हणाले होते की माती शिकायला इतक्या लांब कशाला जायचं, आपल्याकडे काय तुटवडा आहे का. अनुभवी काका हे त्यांचं आडनाव नव्हे. जगात कुठलाही विषय निघाला तरी त्यांना तो अनुभव आधीच आलेला असे, म्हणून सगळी इमारत त्यांना तसं म्हणत असे, आणि त्यांना तो मान वाटत असे.

मामा त्याच इमारतीत तळमजल्यावर एकटे राहत आणि दोन्ही वेळा जेवायला बहिणीकडे येत. एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, शेवटची अकरा वर्षं शाखेचे प्रमुख म्हणून. त्यांच्या शाखेतून न वाचलेला कागद कधी बाहेर गेला नाही, हे ते स्वतः सांगत, आणि त्यांचे हाताखालचे लोकही सांगत, फक्त जरा वेगळ्या आवाजात.

"यातलं अकरावं कलम महत्त्वाचं," मामा म्हणाले.

अकरावं कलम महत्त्वाचं होतंच. दुसऱ्या कॉलेजातून येणारा विद्यार्थी आधी जे शिकला ते विद्यापीठ मोजून घ्यायला तयार होतं, पण प्रत्येक विषय किती तास शिकला आणि त्याची किती क्रेडिट झाली हे कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या सत्रांच्या एकत्रित उताऱ्यावर, दिसायला हवं होतं. ते दिसलं नाही तर विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची. आणि ठकीच्या आईने, म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीने, आधीच सांगून टाकलं होतं, "दोन वर्षांसाठी सोडते. चार वर्षांसाठी नाही. चार झाली तर जायचंच नाही." ती एकदा बोलली की त्यात बदल होत नसे, हे मामांना ती पाच वर्षांची होती तेव्हापासून ठाऊक होतं.

आज तारीख दोन होती. तीस तारखेच्या आत सगळे कागद पोचायचे होते.

आता या कामात पहिली चूक कुणाची, यावर घरात पुढे बरेच दिवस मतभेद होते. मामांचं म्हणणं असं की तिसऱ्या कलमाची. तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं की मूळ गुणपत्रकं सुस्थितीत असावीत. ठकीची चार सत्रांची चार गुणपत्रकं तिच्या कपाटात स्वेटरांखाली होती, आणि त्यातल्या एकाच्या कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता. मामांना ते बघवलं नाही. ते कुणालाही न सांगता चारही गुणपत्रकं घेऊन कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत गेले.

"लॅमिनेशन पातळ करू की जाड?" स्टुडिओवाल्याने विचारलं.

"जाड," मामा म्हणाले. "टिकायला पाहिजे."

संध्याकाळी त्यांनी ती गुणपत्रकं टेबलावर एकेक करून मांडली. ती आता वाकत नव्हती. पडली तर ताट पडल्यासारखा आवाज येत होता. ठकी काहीतरी बोलणार होती, पण मामांचा चेहरा पाहून तिने नुसतं "छान" म्हटलं. हा तिचा चांगुलपणा पुढे फार महाग पडला.

दुसऱ्या दिवशी मामा ठकीला घेऊन कॉलेजात गेले. ट्रान्सक्रिप्टचं काम खिडकी क्रमांक चारवर होतं. खिडकीतल्या बाईंचा चष्मा साखळीला लटकत होता आणि आपल्याला कुणी फसवू शकणार नाही अशी त्यांची एकूण बैठक होती. मामांना त्या पाहताक्षणी आवडल्या. इतक्या वर्षांनी समोर आपल्या जातकुळीचं माणूस भेटलं असं त्यांना वाटलं.

"मूळ गुणपत्रकं द्या," बाई म्हणाल्या. "मागच्या बाजूला 'पडताळले' असा शिक्का मारते. शिक्का मारल्याशिवाय ट्रान्सक्रिप्ट निघत नाही."

मामांनी गुणपत्रकं सरकवली. बाईंनी पहिलं उलटं केलं, शिक्का शाईत दाबला आणि प्लास्टिकवर मारला. शिक्का उमटला, क्षणभर थांबला आणि घसरत घसरत कडेला जाऊन मामांच्या अंगठ्याला लागला. बाईंनी दुसरा मारून पाहिला. तोही गेला. मामांच्या अंगठ्यावर आता 'पडताळले' हे पुरतं वाचता येत होतं.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

ठकीने मामांकडे पाहिलं नाही. मामांना तिचं ते न पाहणं जास्त लागलं.

"कागद जपण्यासाठी," ते म्हणाले.

"शिक्का कागदावर मारायचा असतो," बाई म्हणाल्या. "हा कागद नाही. हे प्लास्टिक आहे."

"मामा, मागे एक कोरा कागद चिकटवून त्यावर शिक्का मारला तर?" ठकी हळूच म्हणाली.

"शिक्का म्हणजे काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे, कुठेही चिकटवायला?" मामा म्हणाले. बाईंनीही मान डोलावली. या मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं आणि ठकी गप्प बसली.

त्या संध्याकाळी बहिणीच्या घरी माणसं जमली. अनुभवी काका न बोलावता आले. त्यांच्या पुतण्याच्या जन्मदाखल्यावरचं प्लास्टिक त्यांनी स्वतः इस्त्रीने काढलं होतं. "कोमट इस्त्री, वरून ओला रुमाल, आणि घाई नको," ते म्हणाले. पुतण्याचा दाखला आता कुठे आहे असं ठकीने विचारलं तेव्हा ते म्हणाले की तो विषय वेगळा. मग त्यांनी गुणपत्रक रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवायला सांगितलं. गार झालं की प्लास्टिक स्वतःहून सुटतं म्हणे. इस्त्रीने गरम करायचं की बर्फात गार करायचं, हे त्यांनी घरच्यांवर सोडलं.

शेवटी ठकीचे बाबा उठले. ते दातांचे डॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचा दवाखाना होता. एरवी ते घरात फार बोलत नसत, कारण दिवसभर त्यांच्यासमोर बसणाऱ्या माणसांना उत्तर देता येत नाही आणि त्यामुळे बोलण्याची सवय एकतर्फी होते. ते म्हणाले, "दादा, जरा मी बघतो. बारीक हत्यार लागेल."

तिसऱ्या सत्राचं गुणपत्रक, म्हणजे ज्यावर कपाचा गोल होता ते, दवाखान्याच्या खुर्चीत आडवं ठेवण्यात आलं. डोक्यावरचा दिवा लावला. डॉक्टरांनी हातमोजे घातले, सवयीने "दुखलं तर हात वर करा" असं म्हणून गेले आणि एका वाकड्या टोकाच्या हत्याराने कडेपासून प्लास्टिक सोडवू लागले. मामा बाजूला कापूस धरून उभे होते. कापूस कशाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कोपरा सुटला. सगळ्यांनी श्वास रोखला. मग डॉक्टरांनी धीर करून ओढलं, आणि प्लास्टिक एकसंध, सुंदर निघून आलं. दुर्दैवाने छपाईही त्याच्याबरोबरच आली. कागदावर कपाचा गोल तेवढा राहिला.

"मुळापासून निघालं," डॉक्टर म्हणाले. हे ते कौतुकाने म्हणाले की दुःखाने, ते कळलं नाही.

ठकी आत गेली. मामा रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. तिसऱ्या सत्रात तिला सगळ्यात चांगले गुण होते, आणि ते त्यांनीच स्वतःच्या हाताने नेऊन त्या प्लास्टिकात घातले होते. त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

उरला एकच मार्ग, नव्या प्रती. त्यासाठी खिडकी चारवर वेगळा अर्ज होता. अर्जात कारणाच्या पुढे दोन चौकोन होते, 'हरवले' आणि 'नष्ट झाले'. तिसऱ्या सत्रासाठी मामांनी 'नष्ट झाले' वर खूण केली आणि उरलेल्या तिन्हींपाशी त्यांचं पेन थांबलं.

"ही हरवलेली नाहीत," ते म्हणाले. "नष्टही झालेली नाहीत. चांगली आहेत."

"मग नष्ट करा," बाई म्हणाल्या.

मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बाईंनीच मान खाली घातली. चौतीस वर्षं ज्याने उंदरांपासून, ओलीपासून आणि साहेबांपासून कागद वाचवले, त्याला ही सूचना म्हणजे अपमान होता. मग बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "नाहीतर हरवले लिहा. पोलिसांचा दाखला आणा. सगळे तेच करतात."

मामा ठाण्यात गेले. टेबलामागच्या हवालदारांनी कोरा कागद पुढे ओढला.

"काय हरवलं?"

"तीन गुणपत्रकं."

"कुठे हरवली?"

मामांनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हरवलेली नाहीत. पिशवीत आहेत."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. मामांनी त्यांना सगळी हकिगत पहिल्या कलमापासून सांगितली. हवालदारांनी ती अर्ध्यापर्यंत शांतपणे ऐकली. "काका," ते म्हणाले, "तुम्ही खोटं बोलत नाही हे चांगलं आहे. पण जे हरवलं नाही त्याची नोंद मी कशी करू? आधी कुठेतरी विसरून या, मग या."

हवालदार हे वैतागून बोलले होते. मामांनी मात्र त्याचा विचार केला, आणि विचार करता करता त्यांना त्यात एक सरळ मार्ग दिसला. कागद खरोखर हरवले तर तक्रार खरी होईल. तक्रार खरी असेल तर दाखलाही खरा. यात कुठेही खोटं नव्हतं, फक्त क्रम थोडा बदलायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाचनालयासमोरच्या बाकावर बसले, वर्तमानपत्र वाचलं, उठले आणि गुणपत्रकं बाकावर ठेवून चालू लागले. पन्नास पावलं गेले असतील नसतील, तोच मागून एक बाई धापा टाकत आल्या. "अहो, तुमचं महत्त्वाचं काहीतरी राहिलं." मामांनी आभार मानले. मग ते बसमध्ये बसले आणि गुणपत्रकं सीटवर ठेवून उतरले. कंडक्टरने बस थांबवून ती खिडकीतून त्यांच्या हातात दिली आणि वर उपदेश केला, "वयाप्रमाणे होतं असं, पण कागद जपावेत." मामांना आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. ती जाड, चकचकीत पानं उन्हात लांबूनच चमकत होती आणि रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला आपली जबाबदारी कळत होती. शेवटी एका मोठ्या दुकानातल्या गर्दीत, कपड्यांच्या ढिगाऱ्यात ती सरकवून मामा मागच्या दाराने बाहेर पडले आणि घरापर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले. त्यांना अपराधी वाटत होतं आणि थोडं हलकंही वाटत होतं.

ठाण्यात तक्रार नोंदवली गेली. हवालदारांनी विचारलं, "खरंच?" मामा म्हणाले, "खरंच." दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन ते खिडकी चारवर पोचले तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर त्यांनी प्रथमच हसू पाहिलं.

"चांगली बातमी आहे," बाई म्हणाल्या आणि ड्रॉवर उघडला. "तुमचे कागद सापडले. त्यावर कॉलेजचं नाव होतं ना. दुकानातली एक मुलगी सकाळीच देऊन गेली."

मामा काउंटरला धरून उभे राहिले. ठकी त्यांच्याबरोबर होती. तिने त्यांना बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. मग ती खिडकीपाशी गेली, आणि बराच वेळ तिथे दोघींचं बोलणं चाललं होतं. मामांनी मान वर केली तेव्हा बाई स्वतःच्या हाताने गुणपत्रकांच्या मागे पांढऱ्या कागदाचे चौकोन चिकटवत होत्या. मग त्यांनी त्यांवर आणि तिसऱ्या सत्राच्या नव्या प्रतीवर शिक्का मारला. तो घसरला नाही.

"असं चालतं?" मामांनी विचारलं.

"चालायला पाहिजे," बाई म्हणाल्या. "ही सगळी धावपळ माझ्याच्याने आता बघवत नाही."

मामांनी भाचीकडे पाहिलं. तिची कल्पना पहिल्याच दिवसाची होती. ती काही म्हणाली नाही, आणि मामांनीही तो विषय काढला नाही. तारीख होती अठरा.

बावीस तारखेला ट्रान्सक्रिप्ट तयार झालं. ते जाड पिवळ्या पाकिटात बंद होतं, आणि पाकिटाची झाप जिथे चिकटते तिथे आडवी सही आणि शिक्का होता. बाईंनी ते दोन्ही हातांनी दिलं. "हे असंच विद्यापीठाला पाठवायचं. त्यांनीच उघडायचं. उघडलेलं चालत नाही. यादीत सातवं कलम आहे बघा."

सातवं कलम मामांना पाठ होतं. पाकीट त्यांनी घरी आणलं आणि टेबलावर ठेवलं. संध्याकाळी ते पाठवून द्यायचं असं ठरलं होतं. ठकी कॉलेजात होती, बहीण आत काम करत होती. मामा पाकिटासमोर बसले. त्यांनी चष्मा पुसला. पाकीट सरळ केलं. त्यांना ती झाप, ती सही, तो शिक्का, सगळं पटत होतं. फक्त एक गोष्ट पटत नव्हती. आपल्या घरातून एक कागद बाहेर चालला आहे, त्याच्यावर एका मुलीची दोन वर्षं अवलंबून आहेत, आणि तो आपण वाचलेला नाही. असं चौतीस वर्षांत झालं नव्हतं.

त्यांनी पाकीट चोरून उघडलं नाही. वाफ नाही, सुई नाही. शाखेत उघडत तसं त्यांनी कागद कापायच्या सुरीने वरची कड सरळ कापली आणि आतला कागद बाहेर काढून वाचायला घेतला. विषय बरोबर होते. गुण बरोबर होते. मग ते शेवटच्या रकान्यापाशी आले. रकान्याच्या डोक्यावर 'तास व क्रेडिट' असं छापलेलं होतं. खाली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, काहीच नव्हतं.

बहीण बाहेर आली तेव्हा एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात कागद घेऊन मामा उभे होते.

"दादा, हे काय केलंस तू?"

"बघ," मामा म्हणाले.

तिने पाहिलं, आणि खुर्चीत बसली. तिला त्या रकान्याचा अर्थ लगेच कळला. तो असा गेला असता तर चार वर्षं. आणि चार वर्षं म्हणजे नाही. ते तिनेच ठरवलं होतं.

"आता काय करणार?" तिने विचारलं.

"जाऊन सांगणार."

खिडकी चारवर मामांनी आदरपूर्वक सांगितलं की ट्रान्सक्रिप्टमधला शेवटचा रकाना कोरा आहे. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पाकीट बंद आहे ना?"

"होतं."

"मग बंद पाकिटातली चूक तुम्हाला कळली कशी?"

या प्रश्नाला एक सोपं उत्तर होतं आणि एक खरं होतं. अनुभवी काकांनी निघताना सोपं उत्तर शिकवून पाठवलं होतं की दिव्यासमोर धरल्यावर आतलं दिसतं. मामा म्हणाले, "मी उघडलं. वाचल्याशिवाय पाठवायची सवय नाही."

रांगेतली माणसं पुढे वाकून बघू लागली. बाईंनी पाकीट हातात घेतलं, कापलेली कड पाहिली आणि म्हणाल्या की हा गंभीर प्रकार आहे, आता रजिस्ट्रारसाहेबांना लेखी द्यावं लागेल. मामांनी तिथेच बाकावर बसून लेखी दिलं. तीन पानं झाली. त्यात सुरी कुठल्या प्रकारची होती तेही होतं.

रजिस्ट्रारसाहेबांनी मामांना आणि बाईंना आत बोलावलं. टेबलावर कोरा रकाना पडला होता. साहेबांनी तीन पानं संपूर्ण वाचली होती, हे मामांना त्यांच्या कपाळावरून कळलं.

"तुमचा नियमभंग मोठा आहे," साहेब म्हणाले.

"आहे," मामा म्हणाले.

"या कॉलेजातून एकोणीस वर्षं अशी पाकिटं जातात." साहेब थांबले. मग खिडकीतल्या बाईंना म्हणाले, "बाई, हा रकाना कोण भरतं?"

बाई म्हणाल्या की छपाईवाल्याने तो ठेवला होता, म्हणून आहे. भरायला कुणी सांगितलं नव्हतं. आणि एकदा झाप चिकटली की आत काय आहे ते बघायचं नसतं, तसाच नियम आहे.

साहेबांनी तो कोरा रकाना पुन्हा एकदा पाहिला. एकोणीस वर्षांत किती मुलं गेली असतील, त्यातली किती तिथे पहिल्या वर्षाला बसवली गेली असतील, आणि ती इथल्या कॉलेजला काय म्हणाली असतील, हा हिशोब तिघांच्याही डोक्यात चालू होता. मामांना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्यांना त्या अनोळखी मुलांच्या घरच्यांचे चेहरे दिसायला लागले.

"भरून द्या," साहेब शेवटी म्हणाले. "नवं पाकीट काढा."

पण भरायचं कशावरून? ठकी कुठला विषय किती तास शिकली याची नोंद एका जागी नव्हती. ती जुन्या वेळापत्रकांत होती, हजेरीच्या वह्यांत होती, आणि ती सगळी तळघरातल्या दफ्तरखान्यात होती. मामा म्हणाले, "मला आत बसायची परवानगी द्या."

पुढचे तीन दिवस मामा, ठकी आणि खिडकीतल्या बाई असे तिघे त्या दफ्तरखान्यात बसले होते. मामा वेळापत्रक वाचत, ठकी बेरीज करत असे आणि बाई ती पडताळत. मातीच्या रसायनशास्त्राचे एका सत्रात बावन्न तास ठरलेले होते, पण शिक्षक आजारी असल्याने चार गेले. मामांनी ते चार काढून टाकले.

"मामा, चार तासांनी काय होतंय?" ठकी म्हणाली.

"झाले नाहीत ना? मग लिहायचे नाहीत."

दुपारी बाईंनी चहा मागवला आणि मामांना त्यांच्या शाखेबद्दल विचारलं. मामा बोलत राहिले आणि ठकी बेरजा करत ऐकत राहिली. मामा इतके खुशीत होते की ती मधेमधे वर बघून हसत होती. पाकीट पंचवीस तारखेला बंद झालं. झाप चिकटवण्यापूर्वी बाईंनी ट्रान्सक्रिप्ट मामांसमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचा." मामांनी वाचलं, आणि मग त्यांच्यासमोर ते बंद झालं. अठ्ठावीस तारखेला ते पोचल्याचा निरोप आला. अनुभवी काका म्हणाले की त्यांच्या पुतण्याचंही असंच पोचलं होतं.

मग सात आठवडे काही झालं नाही. मामांचं त्या काळात कशातच लक्ष लागत नव्हतं. ते जेवायला लवकर येत आणि उशिरा जात. ठकी अमुक ठिकाणी थंडी किती असते, तिथल्या प्रयोगशाळा कशा असतात हे सांगे आणि ते ऐकत बसत. कधी ती बोलता बोलता मधेच थांबे आणि आईकडे बघे. बहीण खाली बघून वाढत असे.

एका रविवारी सकाळी मामा वर आले तेव्हा टेबलावर छापलेलं पत्र होतं. बहीण डोळे पुसत होती, तिचा नवरा तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. दोन वर्षांची सगळी क्रेडिट मोजून घेतली होती. एकही तास कापला नव्हता. तिसऱ्या वर्षाला प्रवेश. दोन वर्षं.

"दादा, तुझ्यामुळे," बहीण म्हणाली.

"कागद व्यवस्थित होते," मामा म्हणाले. "आण, बघतो."

ते खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि पत्र वाचायला लागले. एकदा वाचलं. तारखा पाहिल्या. विषयांची यादी ओळीने बोट ठेवून पाहिली. सही पाहिली. मग पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. बहीण चहा ठेवायला आत गेली, तिच्यामागे डॉक्टरही गेले. मामांचं तिसऱ्यांदा वाचून होत आलं होतं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण हे पत्र तपासत नाही आहोत. एखादी तारीख चुकलेली असावी, एखादा विषय राहून गेलेला असावा, पत्र परत पाठवावं लागावं, त्यात दोन महिने जावेत, निदान दोन महिने, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. तरी त्यांनी शेवटचं पान पुन्हा उघडलं.

ठकी समोर बसून त्यांच्याकडे बघत होती.

"सापडली का?" तिने हळू आवाजात विचारलं.

"काय?"

"चूक."

मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाही."

"मलाही नाही सापडली," ठकी म्हणाली. "सकाळपासून तीनदा शोधली."